ओव्हनमधल्या कुरडया

वैशाखातला रविवार, सकाळ. स्थळ: अकोला, जठारपेठ, मोठ्या बाईंचा फ्लॅट. हजर: मी, माझे मिस्टर, पुण्याहून आलेला सुहास, शेगडी बसवणारा वायरमन आणि स्वतः मोठ्या बाई. बोलत होत्या एकट्या मोठ्या बाई, आणि त्यांचं बोलणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा. वायरमनने जाड वायर वेगळ्या पॉइंटला जोडली, चहा नको म्हणाला आणि निघून गेला.

मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. माहेर चांदूर रेल्वेचं, म्हणून मी ‘चांदूरवाली’. वरण पातळ झालं तर ते चांदूरचं, मी केलेल्या सामानाच्या याद्याही चांदूरच्या. मलाही त्या आवडत नव्हत्या. हे दोघींना ठाऊक असल्यामुळे आमच्यात खोटं गोड बोलणं कधी झालं नाही. तेवढा वेळ वाचला.

थोरले भाऊजी गेल्यावर त्या एकट्याच राहत. एकदा गॅस चालू ठेवून झोपल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने, सुहासने, सिलिंडर काढून टाकला आणि काचेच्या पाटीची विजेची शेगडी आणली. खाली तिलाच जोडलेला ओव्हन. ही नीट वापरता आली तर आईने इथे राहावं, नाहीतर पुण्याला चलावं, असं त्याने आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंना पुण्याला जायचं नव्हतं. तिथल्या फ्लॅटमध्ये सून स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेगडी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमची अमरावती जवळ आणि मी कामं अर्धवट सोडत नाही अशी माझी ख्याती.

मी सूचना ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या. ओव्हन लावण्याआधी आत उघडून पाहा. भांडं पदराने धरू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नको. काच लाल दिसत नसली तरी तापलेली असते. आत आग दिसली तर बटन बंद, दार बंद, पाणी नाही. बाईंनी ते सगळं शाळेतल्या पोरीसारखं हेल काढून वाचलं आणि म्हणाल्या, “मीठ किती टाकाचं ते नाई लिवलं, चांदूरवाली.”

पदराची सवय सुटायला सगळ्यात जास्त त्रास झाला. आयुष्यभर चुलीवरून, स्टोव्हवरून, गॅसवरून त्यांनी पदरानेच भांडी उतरवली होती, आणि आता पदर नायलॉनचा. मी हातमोजे आणले. ते त्यांनी धुऊन, घडी करून, पाहुण्यांसाठी ठेवून दिले. शेवटी एकदा पदराचं टोक काचेवर चिकटलं आणि वितळलं. त्या दिवसापासून त्या पदर कमरेला खोचून, हातमोजे घालून, मला शिव्या देत भाकरी करू लागल्या. भाकरीही फुगत नव्हती, कारण शेकायला जाळ नाही. त्याचाही दोष माझ्याकडे.

पहिल्या भाकरीचा तूप लावलेला तुकडा अग्नीला द्यायचा हा त्यांचा नेम. तो त्यांनी तापलेल्या काचेवर ठेवला. धूर झाला, काळा डाग पडला, आणि तो खरवडायला त्यांनी सांडशी घेतली. काच तडकेल म्हणून मी हात धरला. मग घास शेगडीशेजारी वाटीत ठेवायचा असं ठरलं. संध्याकाळी तो तसाच वाळलेला पाहून त्या म्हणाल्या, “याले भूकच नाई लागत. असा कसा अग्नी?”

ओव्हनचं तर त्यांनी कपाटच केलं. उंदीर शिरत नाहीत, मुंग्या लागत नाहीत, म्हणून वर्षाच्या कुरडया प्लास्टिकच्या डब्यात भरून आत ठेवल्या. मी दर खेपेला डबा बाहेर काढायची, माझी बस सुटली की तो परत आत जायचा. शेवटी त्यांनी तडजोड म्हणून ओव्हनच्या बटनावर चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, “आता हे बटन नाई, कपाटाचं कुलूप हाय.”

दिवाळीला आम्ही सगळे अकोल्याला होतो. मुलांसाठी पिझ्झा गरम करायचा म्हणून सुहासने ती पट्टी सोलून काढली आणि ओव्हन आधी तापायला हवा म्हणून बटन फिरवलं. आत पाहिलं नाही. जरा वेळाने घरभर घाण वास आला. त्याने दार उघडलं, तशी आतली ज्वाळा भडकली. तो पाण्याचा जग उचलणार तोच बाई आल्या. “पाणी ठेव खाली. दरवाजा लाव,” म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. बंद ओव्हनात आग आपोआप विझली. सगळं माझ्या भिंतीवरच्या सूचनांप्रमाणे.

धूर निघून गेल्यावर सुहासने मला विचारलं, “काकू, तुम्हीच सांगा, हिला आता एकटीला ठेवायचं का?” माझ्या एका शब्दावर बाईंचं सामान बांधलं गेलं असतं आणि माझ्या अकोल्याच्या खेपाही संपल्या असत्या. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. ओव्हनच्या जाळीला चिकटलेल्या काळ्या गोळ्याकडे पाहत होत्या.

“न पाहता ओव्हन लावला तू,” मी म्हटलं. “पट्टी काढली तू, पाणी ओतायला निघालास तू. एकटं ठेवायची भीती मला तुझी वाटते.”

पुण्याचा विषय संपला. बाई मात्र तशाच घुश्शात. निघताना मला दारात गाठून म्हणाल्या, “साक्ष चांगली देल्ली तू. पन माह्या कुरडया जळल्या. तुह्याच शाळेत जळल्या, तूच करून देशीन.” चैत्रात करून देते, असं मी म्हटलं. “अन् चांदूरसारख्या जाड नको पाडू,” त्या म्हणाल्या.

माघात त्या गेल्या. स्वतःच्या घरात, सकाळचा चहा स्वतः करून. शेगडी बंद होती, मेन खाली होता, हातमोजे खुंटीला होते. हे मी तिथे पोचल्या पोचल्या आधी तपासलं.

फ्लॅट रिकामा झाला, शेगडी कोणीतरी नेली. आता चैत्र अर्धा सरला आहे. गहू आणून, निवडून ठेवले आहेत, सोऱ्याला बारीक भोकांची चकती बसवली आहे. गहू भिजत घालायचे आहेत.