मुकादमाला विचारून सांगतो

धोंडीच्या पिंढरीतून नारू बाहेर आला की तानूबाईच्या घरची एका वेळची चूल बंद व्हायची. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. पायाला फोड येतो, फुटतो आणि किड्याचं टोक दिसू लागतं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. दगड फोडणाऱ्या घराला हे परवडणारं नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धोंडी दारात पाय पसरून बसला होता आणि त्याची बायको तानूबाई रस्त्याच्या कामावर त्याच्या वाटची खडी फोडून नुकतीच परतली होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी ग्रामसुधारणा खात्यात इन्स्पेक्टर होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे. सांगली-मिरज तेव्हा संस्थानांत होती. ही खाणवस्ती मात्र सातारा जिल्ह्यात, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनच्या कडेला. रेल्वेची खडी इथून जायची. काम संपलं, ठेकेदार गेला, मुकादम गेला. माणसं राहिली आणि खड्डा राहिला. खड्ड्यात पाणी साचलं, तेच सगळे प्यायचे. एका बाजूला बैलगाड्यांचा जुना उतार होता. बाया तिथून गुडघाभर पाण्यात शिरून घागरी भरायच्या. नारूवाला पाय पाण्यात गेला की किड्याची पिल्लं पाण्यात, ते पाणी पोटात, आणि साधारण वर्षानं किडा पुन्हा पायातून बाहेर. उपाय सोपा होता. उतार बंद करायचा आणि पाणी वरून ओढायचं.

मी झाडाखाली सभा घेतली. पुरुष जमले. मी भरपूर बोललो. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मग सुरू कधी करायचं?"

"मुकादमाला इचारून सांगतो, सायेब."

"मुकादम आहे कुठं?"

"गेला की दुसऱ्या खाणीवर. लय दिस झालं."

"परत येणार आहे का?"

"न्हाई वाटत."

"मग विचारणार कसं?"

"त्येच तर हाय की," एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

साताऱ्याला जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ओव्हरसियर पाठवू. एस्टिमेट होईल, सँक्शन येईल. तोवर कशाला हात लावू नका. आणि सिमेंट मागू नका, ते सगळं लढाईला जातंय."

"साहेब, वस्तीलाच करू दिलं तर?"

"त्यांना काय येतं?"

"दगडाचं काम."

साहेब चष्मा पुसत बसले. मी त्याचा अर्थ 'करा' असा घेतला.

पुढच्या खेपेला सकाळीच खड्ड्यावर गेलो. बाया पाण्यात होत्या. मी काठावरून, बूट सांभाळत, म्हणालो, "पाण्यात उतरू नका."

"मग पाण्याला हाक मारू व्हय? ये गं बाई वर म्हणून?" तानूबाई म्हणाली. सगळ्या खदखदल्या.

"सायेब, बी. ए. म्हंजे लय शाळा का वो?" तिनंच पुढं विचारलं.

"बरीच."

"आन् येवढ्या शाळंत कुणी घागर भराय न्हाई शिकवली?"

मी भाषण खिशात घातलं आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, वरून ओढायचं तर कुठून?" मग जो गलका झाला! एक म्हणे पूर्वेला, दुसरी म्हणे तिथं पाय घसरतो. शेवटी तानूबाईनं समोरचा उभा कडा दाखवला. तिथं ओटा बांधायचा, ठेकेदारानं टाकून दिलेली लोखंडी कप्पी बसवायची, उतारावरून पाण्यात शिरणाऱ्या म्हशी ओढ्याला न्यायच्या.

"पुरुषांना विचारायला नको?"

"त्यास्नी मुकादम गावला का?"

दुसऱ्या दिवशी बायांनी उतारावर दगड रचायला घेतले. भिंत इतकी वाकडी होती की मलाही कळत होतं. धोंडी काठी टेकत आला, बघतच राहिला आणि ओरडला, "आवं, ह्याला भिंत म्हंत्यात व्हय? लोक थुकतील आमच्या तोंडावर!" त्याच्या हाकेनं पुरुष धावले. सगळे दगड उपसून त्यांनी भिंत नव्यानं, चुन्यात बांधली. पाठोपाठ ओटाही झाला. तानूबाई सावलीत बसून सांगत होती, "आता कशी सरळ हाय बगा."

पुढच्या उन्हाळ्यात मी ऐटीत गेलो, तर धोंडीच्या पायात पुन्हा नारू! चारपाच जण पहारी घेऊन भिंतीशी उभे होते. "तुमच्या भिंतीनं काय केलं, सायेब? उगा लांबचा हेलपाटा!" हा गेल्या साली पोटात गेलेला किडा आहे, हे मी तीनदा सांगितलं. कुणी ऐकेना. ती भिंत पडली असती तर सगळं मुसळ केरात.

तानूबाई भिंतीवर चढून बसली. "बाळंतपणाला नऊ म्हैनं दम धरता ना? मग नारूला बी वरीसभर धरा. आन् फोडायचीच आसंल तर मला धरून फोडा." धोंडीच पहिल्यांदा म्हणाला, "पहारी ठेवा रं." पहारी खाली आल्या.

जाताना मी म्हणालो, "ओट्यावर दुसरी कप्पी बसवू या का?"

"मुकादमाला इचारून सांगतो," धोंडी म्हणाला.

"अजून मुकादमच?"

त्यानं काठी तानूबाईकडे केली.

त्यानंतर नव्या वस्तीत गेलो की सभा घेण्याआधी मी एवढंच विचारू लागलो, की इथं पाणी कोण भरतं. ओव्हरसियर यथावकाश खाणवस्तीवर गेले. बंद करण्याजोगा उतार जागेवर नाही, असा शेरा मारून त्यांनी प्रकरण मिटवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात वस्तीत एकाही पायाला नारू निघाला नाही, आणि धोंडी रोज कामावर होता.