एका दिवसाचं इंटरनेट

जहाजावर इंटरनेटचे पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, यावरून माझी आजवर बरीच भांडणं झाली आहेत. जहाजाच्या काउंटरवर झालं, नवऱ्याशी झालं, आणि जावेच्या घरी हळदीकुंकवाला तर इतकं झालं की वाण घ्यायचं राहून गेलं. प्रत्येक वेळी माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी काय झालं ते मात्र मी धड कुणालाच सांगितलेलं नाही.

आमचं चाकणला नाशिक रस्त्यावर इंजिन ऑइलचं दुकान आहे. ऑइल कंपनी दुकानदारांना वर्षाचं टार्गेट देते आणि ते गाठलं की काहीतरी बक्षीस. एका वर्षी कुकर मिळाला, एका वर्षी चाकांची बॅग. मागच्या वर्षी एकदम जहाजच निघालं! मुंबईहून बसायचं, तीन दिवस समुद्रात हिंडायचं, परत मुंबई. जहाज पाहून नवरा म्हणाला, "अगं, आपल्या सोसायटीच्या दोन विंगा उचलून पाण्यात ठेवल्यात की!" मी पहिल्यांदाच समुद्रात जात होते. हौसेने चार नव्या साड्या बॅगेत भरल्या होत्या.

जहाज सुटायच्या वेळेला मी वर डेकवर उभी होते आणि आईचा फोन आला.

"अगं, ती लोकं आळंदीला आल्यात दर्शनाला. उद्या दुपारी आपल्याकडं येत्यात. पोरीचा मामा म्हनला, आलोच हाय तर पोरगा बघून जातो."

"उद्या? आई, अगं मी जहाजात आहे!"

"मग मी काय करू? दारात आलेल्या मान्सांना न्हाई म्हनू व्हय?"

पुढे ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. किनारा लांब गेला आणि फोनची रेंज गेली ती गेलीच.

पोरगा म्हणजे माझा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो आणि आई पिंपळे गुरवला राहतात, आणि तो चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर कामाला आहे. त्या लाइनवर त्याच्यासारखी ऐकू न येणारी बरीच मुलं आहेत. मशिनी धडधडत असतात, बाकीचे एकमेकांच्या कानाशी ओरडून घसा बसवून घेतात, आणि ही मुलं आपली हातांनी आरामात गप्पा मारत काम करतात. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा बघितलंय.

बाहेरच्या जगात मात्र त्याच्या वतीने बोलणारी मी. दवाखाना असो, बँक असो, नोकरीची मुलाखत असो, तो हात हलवणार आणि मी बोलणार. आईला खाणाखुणांतलं येतं ते एवढंच: जेव, झोप, लवकर ये. लग्नानंतर मी चाकणला आले तरी आमचं बोलणं तुटलं नाही, कारण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. लोकांना व्हिडिओ कॉल म्हणजे चैन वाटते. आमच्याकडे तो साधा फोन आहे.

आणि ही मुलगी त्याला मनापासून हवी होती. आधीची चार स्थळं "मुलगा चांगला आहे, पण" असं म्हणून गेली होती. ही बारामतीकडची, तिलाही ऐकू येत नाही, ऐकू न येणाऱ्या मुलांच्याच शाळेत शिकवते. फोटो आला तेव्हा तो इतक्या वेळा बघत बसला की आईने शेवटी मोबाइल काढून घेतला. मला त्याने हातांनी सांगितलं होतं, "हीच. आता दुसरी दाखवू नका." बघण्याचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात ठरला होता, मी हजर असणार म्हणूनच. मुलीचे वडील नाहीत, सगळं मामाच्या शब्दावर. आणि मामाला हातांची भाषा येत नाही. मग उद्या भाऊ काय बोलतोय ते मामाला सांगणार कोण? आई?

"तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही," नवरा म्हणाला. "मजा करायला आलोय, मजा कर."

"त्याचं अडतं!" मी अशी ओरडले की शेजारच्या केबिनचं दार उघडलं.

सकाळी नाश्ता न करता काउंटर गाठला. तिथला तरुण रत्नागिरीचा निघाला. त्याने कागद पुढे सरकवला. नुसते मेसेज पाठवायचे तर एक दर, फोटो बघायचे तर त्याहून जास्त, आणि व्हिडिओ कॉल हवा असेल तर सगळ्यात महाग. एका दिवसाच्या त्या पैशांत आम्हा दोघांचं तीन महिन्यांचं रिचार्ज झालं असतं.

"अहो, मला पिक्चर बघायचा नाही. दहा मिनिटं भावाशी बोलायचंय."

"मग ताई, केबिनमधल्या फोनवरून बोला. ते स्वस्तात पडेल तुम्हाला."

"त्याला ऐकू येत नाही."

त्याने कागदावरच्या पहिल्या दरावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मेसेजचं पॅकेज घ्या मग. लिहून बोला."

"तुम्ही तुमच्या भावाशी लिहून बोलता का? तोंडाने बोलता ना? तो हातांनी बोलतो. मला हात दिसायला हवेत. तुमचं तोंडाचं बोलणं स्वस्त आणि आमचं हातांचं बोलणं महाग, हा कुठला न्याय?"

मागे रांग लागली होती. पण माझं एकदा सुरू झालं की झालं. जहाजावर आइस्क्रीम दिवसभर फुकट, नाचगाणी फुकट, पोहण्याच्या तलावाला टॉवेल फुकट, आणि घरच्या माणसाचं तोंड बघायचं तर पैसे? त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, इथे टॉवर नाही, सगळं वरून उपग्रहातून येतं, खर्च खूप आहे म्हणतात. आणि खरं सांगू? आम्हीसुद्धा पैसे भरूनच घरी बोलतो. माझी मुलगी दोन वर्षांची आहे." मी पैसे भरले. रिल्स बघणाऱ्यांकडून खुशाल घ्या पैसे, पण घरी बोलायला तरी पैसे नकोत, त्या तरुणाकडूनही नकोत, हे माझं मत तेव्हा झालं आणि आजही तेच आहे.

दुपारी मी काठपदराची साडी नेसून, केसात घरून आणलेला अर्धा सुकलेला गजरा माळून तलावाशेजारच्या टेबलावर बसले, कारण तिथेच नेट चांगलं येतं असं कळलं होतं. आजूबाजूला सगळी मंडळी हाफ पँटमध्ये. एक बाई तर मला जहाजावरच्या कार्यक्रमातली कलाकार समजली आणि तिने माझा फोटो मागितला. मी म्हटलं, बाई गं, माझ्या भावाला बघायला पाहुणे आलेत, बाजूला हो.

कॉल लागला. भावाने फोन टीपॉयवर तांब्याला टेकवून ठेवला होता. तो इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. समोर मामा, भारदस्त मिशांचे. त्यांच्या शेजारी मुलगी, फोटोपेक्षा सावळी आणि फोटोपेक्षा कितीतरी छान. आईने पोह्यांच्या बश्या मांडल्या होत्या. मीही माझा फोन सॉसच्या बाटलीला टेकवला, म्हणजे मला दोन्ही हात मोकळे.

सुरुवात बरी झाली. मामा विचारायचे, मी हातांनी भावाला सांगायचे, तो उत्तर द्यायचा, मी बोलून दाखवायचे. शिक्षण, शाळा, शिफ्ट. मग मामांनी विचारलं, "नोकरी परमनंट आहे ना?"

मी हात उचलले आणि चित्र थिजलं. भाऊ पापणी अर्धी मिटून तसाच. आवाज मात्र येत होता. मामा वाट बघतायत हे मला कळत होतं.

"हो, परमनंटच म्हणायचं. झाल्यातच जमा आहे," मी बोलून गेले.

तो कॉन्ट्रॅक्टवर आहे. मला माहीत होतं.

"आणि लग्नानंतर? बदली वगैरे झाली तर जाईल का बाहेर?"

"छे हो! आईला आणि आम्हाला सोडून तो कुठे जातोय!"

खोटं बोलायचं असं काही मी ठरवलं नव्हतं हो. सवयच तशी. त्याच्या वतीने बोलता बोलता त्याला न विचारता बोलायला मी कधी लागले, ते माझं मलाच कळलं नव्हतं. डॉक्टरने विचारलं, दुखतंय का, की "हो, खूप" मीच म्हणणार.

चित्र परत हललं. मामा समाधानाने मान डोलवत होते. आणि ती मुलगी मामांकडे नाही, फोनकडे नाही, माझ्या भावाच्या हातांकडे बघत होती. त्याचे हात गुडघ्यांवर पडलेले होते. दोन प्रश्न होऊन गेले, मामांना दोन उत्तरं मिळाली, आणि याचे हात हललेच नाहीत, हे त्या खोलीत फक्त तिला दिसलं होतं. ती उभी राहिली. सगळ्यांसमोर तिने त्याला हातांनी विचारलं, "आता जे सांगितलं, ते तू सांगितलंस?"

तिचे हात शिक्षिकेचे, स्वच्छ. मला समुद्रातूनही कळलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्यांनी म्हणत होते, हो म्हण रे, हो म्हण. त्याने तिच्याकडे वळून मान हलवली. नाही.

संपलं, मला वाटलं. मी वाटोळं केलं त्याचं.

तो फोनजवळ आला. रागावलेला नव्हता. "ताई, तू थांब," एवढंच हातांनी म्हणाला आणि फोन टीपॉयवर आडवा ठेवला. मला आमच्या हॉलचा पंखा दिसायला लागला.

मी हातवारे करतेय, ओरडतेय, तलावातली माणसं बघतायत, आणि समोर पंखा गरगर फिरतोय. आवाज येत होता. मामा म्हणाले, "हे काय चाललंय यांचं?" आणि आई, जिला चार खुणांपलीकडे काही येत नाही ती माझी आई, म्हणाली, "बोलत्यात ती दोघं. आपल्याला कळत न्हाई, एवढंच. तुमी पोहं खावा."

नवरा ताट घेऊन आला. "काय म्हणतायत पाहुणे?"

"पंखा दिसतोय," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. बिचारा, ताट ठेवून शेजारी बसला. एवढे पैसे भरून पंखा बघतेस, असं एरवी तो म्हणाल्याशिवाय राहिला नसता, पण त्याने रुमाल पुढे केला. मीच तसलं काहीतरी मनात म्हणत होते. आणि हेही खरं की नेट फुकट असतं, तर आदल्या संध्याकाळपासून मी भावाला पढवत बसले असते. हे सांग, ते सांगू नको, केस नीट विंचर. म्हणून पैसे घेणं बरोबर ठरत नाही, पण मनात आलं ते आलं.

मग फोनमधून भावाचं हसू आलं. माझा भाऊ मोकळेपणी हसला की त्याचा आवाज फार मोठा, घोगरा येतो, लोक दचकून बघतात. म्हणून लहानपणीच आम्ही त्याला शिकवलं होतं, पाहुण्यांत तोंडावर हात ठेवून हस. त्या दिवशी तो हात न ठेवता हसला. आणि त्याच्या पाठोपाठ तसंच मोठं, तसंच वेडंवाकडं, दुसरं हसू आलं. मी पंख्याकडे बघत ऐकत राहिले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता, आणि मत्सरही. खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला. तो भराभर सांगत होता, मध्येच चित्र अडकत होतं, त्याला मी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्याने तिला कॉन्ट्रॅक्टचं खरं सांगितलं होतं. आणि आणखी एक, जे मला कधीच सांगितलं नव्हतं. कंपनीने त्याला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात परमनंटची जागा देऊ केली होती. त्याने नाही म्हटलं होतं.

"का?" मी विचारलं.

"तिकडे तू नाहीस. माझं कोण बोलणार?"

माझे हात टेबलावर तसेच राहिले.

"ती म्हणाली, तुझं तू बोल," त्याने सांगितलं. "ती म्हणाली, कंपनीला विचार, ती जागा अजून आहे का."

त्याचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता. तो आता जाणार, लांब जाणार, हे मला कळलं, आणि जाऊ दे, असंही मला त्याच क्षणी वाटलं. खरंच वाटलं.

मागून मामांच्या मिशा आल्या. त्यांनी फोन स्वतःकडे वळवला. "ताई, आमची पोरगी हो म्हणतीय. आता तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याकडून काय ते सांगा, म्हणजे आम्ही निघतो."

तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

"त्याला विचारा," मी म्हटलं.

मामा त्याच्याकडे वळले. काय करावं हे न सुचून त्यांनी दोन्ही हात नुसतेच वर केले. माझा भाऊ पुढे सरकला, मामांची जाड मूठ आपल्या हातात धरली, आणि हाताने 'हो' कसं म्हणायचं ते त्यांना दाखवलं.