थंड डोक्याचा प्रोसेसर

बिश्केकच्या बाजारात कंटेनरांच्या रांगेत माझं लोकरी मोज्यांचं दुकान, आणि शेजारी झूराएजेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. वीस वर्षं बघतेय मी तिला. महागडी वस्तू मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ही बाई साधी देऊन घालवते! धंदा करते की नवस फेडते, तिचं तीच जाणे.

परवा तोक्मोक गावाहून असानकुलअता आले; अता म्हणजे बाबा, वडीलधारे. सत्तरीचे गृहस्थ. काखेत जुना डेस्कटॉप, तोही रजईत गुंडाळलेला.

"पोरी, यात सगळ्यात मोठा प्रोसेसर घाल."

"सिनेमे बघता की काय, अता?"

"बायकोला बोलायचंय."

पक्षाघाताचा झटका येऊन तिची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. डाव्या हाताच्या एका बोटानं ती अक्षरं दाबायची. पण यंत्र इतकं मंद, की अक्षर उमटायलाच उशीर. तिला वाटायचं, आपलंच चुकलं. मग ती पुन्हा दाबायची, सगळा घोळ व्हायचा.

"काल तिनं कीबोर्ड ढकलून दिला," म्हातारा म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून पडली. आता पुन्हा बसलीच नाही तर?"



झूराएजेनं डबा उघडला, धूळ पुसून बोर्डावरचा नंबर वाचला, कोणत्या बोर्डाला कोणता प्रोसेसर चालतो त्या यादीत शोधला. "मोठा याच खोबणीत बसेल हो, पण या बोर्डाला तो झेपायचा नाही. सासूची तब्येत बघून सून आणावी लागते, अता."

"मी काय कंजूष दिसतो तुला?"

"कंजूष नाही, हट्टी दिसता! आणि तो तापला की पंखा घोंघावणार. आजारी माणसाच्या उशाशी चालेल?"

अता रजईची घडी घालायला लागले.

तिनं यादीतलाच एक मधला निवडला, कमी तापणारा. बसवला. मग उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत बसली. अर्धा तास!

"अगं बाई, पुरे की आता!" मी ओरडले.

"तिचं बोट सावकाश चालू दे," ती म्हणाली, "अक्षर लगेच आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला फोन आला, तिनं तो स्पीकरवर टाकला. म्हातारा रडत होता.

"बसल्या का त्या?" झूराएजेनं घाबरत विचारलं.

"बसली. अख्खं वाक्य लिहिलं. 'चहात साखर घालू नकोस, मला आपला नेहमीचा मिठाचा लागतो.' सहा महिने, पोरी! आजारी माणसाला गोड बरं, म्हणून मीच पाजत होतो. आणि ती बिचारी मुकाट गिळत होती."

मी सरळ रडायलाच लागले.

"ठेवतो गं," अता घाईघाईनं म्हणाले, "ती अजून लिहितेय."