समजा, पूल हलला

आमच्या ह्यांना शाळेत सगळे ‘समजा सर’ म्हणतात. गणित शिकवतात ना! वर्गात पाऊल टाकलं की सुरू: समजा एक पूल आहे, समजा घर्षण शून्य आहे, समजा दोरीला वजनच नाही. घरीही तेच. ‘समजा, दूध संपलं असेल...’ मी म्हणते, ‘समजा कशाला? संपलंय! पिशवी घ्या आणि निघा.’

तर यंदा सुट्टी लागायच्या आधी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, लहानपणापासून आम्ही नुसतं समजा, समजा करतोय. यातलं काही खरंच कुठे असतं का?’ वर्ग खो खो हसला. घरी येऊन ह्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं आणि मला हे सगळं सांगितलं.

मी विचारलं, ‘मग काय सांगितलंत तिला?’

‘सुट्टीनंतर सांगतो म्हटलं.’

‘आणि काय सांगणार?’

‘तेच तर माहीत नाही गं.’

इतका संसार झाला, पण ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. चिडवायचंसुद्धा विसरले.

तेवढ्यात इंजिनिअरिंग कॉलेजचं बोलावणं आलं. शाळेतल्या विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेत यावं, खरोखरचं संशोधन करावं आणि ते वर्गात न्यावं, असं. ह्यांनी लगेच होकार कळवला. आता मला सांगा, ज्या माणसाला घरातला बल्ब बदलताना घाम फुटतो, त्याच्या हातात पाना देतात का कोणी? त्यांनी दिला!

काम होतं, माणसं चालताना पादचारी पूल किती हलतो ते शोधायचं. शिकवायला पीएचडी करणारी एक मुलगी, ह्यांच्या निम्म्या वयाची. पहिल्याच दिवशी ह्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘समजा, घर्षण शून्य.’ ती हळूच म्हणाली, ‘सर, इथे समजत नाहीत. मोजतात.’

झालं! मोजण्याचं भूत मानगुटीवर बसलं. जिना मोजला, पलंगाची कुरकुर मोजली, शेजाऱ्यांचं फाटक मोजताना शेजारी बाहेर आले तर त्यांनाच फाटकावर लटकायला लावलं. आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की थरथरत दारापर्यंत चालत येतं. त्यावर ह्यांनी सेन्सर चिकटवला आणि माझ्या थोरल्या नणंदेला हाक मारली.

‘ताई, समजा, तू यावर बसलीस...’

वन्सं म्हणाल्या, ‘समजा काय मेल्या, ही बसले बघ!’ त्या बसल्या आणि मशीन जागच्या जागी गप्प झालं. हे आनंदानं नाचले. मी मात्र कपाळाला हात लावला.

शेवटच्या दिवशी पुलाची चाचणी होती. मला आणि वन्संनाही बोलावणं होतं. कॉलेजच्या मागच्या अंगणात बुटका लाकडी पूल, एका बाजूला कठडा, खाली चिखलाचं डबकं. ह्यांनी फळ्या मोजल्या होत्या, खिळे मोजले होते, सगळ्या शिक्षकांना वजनकाट्यावर उभं केलं होतं. हिशेबात एकच गोष्ट न मोजता धरली होती: समजा, प्रत्येक जण आपापल्या चालीनं चालेल.

चाळीस शाळांचे शिक्षक पुलाच्या तोंडाशी जमले. नुसता गलका! तो ऐकून हे आपल्या सवयीवर गेले. पुलावर उलटं चालत ओरडले, ‘रांग करा! बोलायचं नाही! डावा, उजवा, डावा, उजवा!’

आणि ती शहाणी मंडळी, रोज मुलांकडून हेच करून घेणारी, मुकाट्यानं पावलं जुळवून निघाली की हो! धप, धप, धप, धप. पूल आधी डुलला, मग उसळायला लागला. बाकीच्यांनी कठडा धरला. हे ‘पावलं मोडा! एकदम टाकू नका!’ करत दोन्ही हात हलवत राहिले आणि धपकन चिखलात.

अगं बाई गं! माझा जीवच गेला. पण चिखलातून आधी चष्मा वर आला, मग हे, आणि त्यांनी विचारलं काय? ‘मोजलं का?’ ती मुलगी कॉम्प्युटरपुढे उड्या मारत होती. ‘सर, एवढा सुंदर आलेख आम्हाला आजवर मिळाला नव्हता!’

त्यानंतर घरात महाभारत झालं ते त्या पँटवरून. चिखलानं ती कडक होऊन दाराआड उभी राहायला लागली, पण हे धुवू देईनात. म्हणे, ‘पुरावा आहे तो!’ वन्संनी तिला येता-जाता ‘या, बसा’ म्हणायला सुरुवात केली.

शाळा उघडली. हे आलेखाचा कागद आणि ती पँट पिशवीत घालून गेले. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. शेवटच्या बाकावरच्या त्या पोरीनं पुन्हा हसू केलं तर? संध्याकाळी हे आले आणि दारातच उभे राहिले.

‘मी तोंड उघडलं, ‘समजा’ म्हटलं, आणि वर्ग हसला,’ हे सांगू लागले. ‘मग पिशवीतून पँट काढून टेबलावर उभी केली. म्हटलं, हे समजा नाही. हा मी पडलो. आणि हा आलेख, का पडलो त्याचा.’

‘अहो, आणि ती?’

‘ती पुढे आली. बोटानं सगळा आलेख गिरवला. मग म्हणाली, सर, समजलं.’

ह्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? नाक पुसून मी म्हटलं, ‘आता तरी धुवू का ती?’

‘धू,’ हे म्हणाले.

मी पँट मशीनमध्ये टाकली. वन्सं कोणी न सांगता उठल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.