काजं कुठल्या बाजूला

"काजं उजवीकडे पाडलीत तुम्ही."

"बायकांच्या शर्टाला उजवीकडेच असतात."

"हा बायकांचा नाही."

"माप कुणाचं आहे ते मला नका शिकवू, बाई. तिची झबलीसुद्धा मीच शिवलीत."

टेलरबाईंनी शर्ट टेबलावर पसरला. निळ्या बारीक रेघांचा. खिशाची रेघ अंगाच्या रेघेला अशी मिळालेली की खिसा हाताने चाचपून शोधावा. दुकानात कापड बेतणाऱ्या मास्तरांच्या कटिंगमध्ये खोट काढायला जागाच नसायची. आज होती, आणि तीही न बुजणारी. बटण काढून दुसरीकडे लावता येतं; काज एकदा कापलं की कापलं.

हे दुकान बाईंनी एका मशीनवर सुरू केलं. वरच्या खोलीत त्या आणि नर्सबाई इतकी वर्षं एकत्र राहतात, की शेजारीपाजारी आता एकीला आमंत्रण दिलं की दुसरीचं पान धरूनच चालतात. सुरुवातीला बरंच कुजबुजून झालं. बाईंनी कुजबुजणाऱ्यांचे ब्लाऊज वेळेवर दिले, फिटिंगला नाव ठेवू दिलं नाही, आणि विषय आपोआप थंडावला.

आठवड्याच्या सुट्टीला दुकानाचं शटर अर्धं खाली असतं आणि मागची खोली भरलेली. घरी सांगता न आलेले, सांगून घराबाहेर पडलेले, नुसतेच धास्तावलेले, सगळे येतात. कोणता डॉक्टर उपदेश न करता तपासतो, हे नर्सबाई सांगतात आणि सोबत स्वतःच्या हातचा चहा पाजतात. त्या चहाला नावं ठेवताना होते तितकी एकी दुसऱ्या कशानेच होत नाही, असं तिथे म्हणतात. नव्या माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याच्यासमोर बटणांचा डबा ठेवतात. रंग वेगळे करत बसायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा डबा. बाईच रात्री सगळी बटणं परत एकत्र करून ठेवतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

मास्तरांचं लेकरू तीन वेळा डबा घेऊन बसलं आणि चौथ्या वेळी म्हणालं, मला मुलगा म्हणा. फुटबॉलमुळे खोलीने त्याचं नाव कप्तान ठेवलं. घरी त्याने स्वतःच सांगितलं. तेव्हापासून मास्तर सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या गल्लीतूनही जात नव्हते. आज बाईंनी निरोप धाडून बोलावलं होतं.

"चुकून झालं की मुद्दाम?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "हाताने झालं. हात डोक्याला विचारत नाही."

"मग आता विचारू द्या. सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात कामाला लागतोय तो. पहिल्या दिवशी हाच शर्ट घालायचा म्हणून अडून बसलाय."

"तुम्ही कापा की. तुम्हाला येत नाही का?"

"येतं. मी म्हटलंही त्याला. म्हणाला, कापायला बाबांनाच द्या."

मास्तर शर्टाची घडी घालू लागले, ती मोडली, पुन्हा घातली. मागच्या खोलीत कोणीतरी नर्सबाईंच्या चहावर काहीतरी बोललं आणि हशा पिकला. त्यात एक हसणं सगळ्यांचं थांबल्यावरही एकटंच चालू राहिलं. मास्तरांची मान तिकडे वळली.

"घरी असं हसत नाही," ते म्हणाले. मग पुन्हा टेबलाकडे वळून, "आणि इथे जेवणखाण?"

"माझ्या वाटचंही खातो."

त्यांनी सवयीने टेप गळ्यात अडकवली, खालच्या कप्प्यातून त्याच कापडाचा उरलेला तुकडा काढला, शर्टाच्या पुढच्या भागावर धरला, वरून धरला, आडवा धरला. कसाही धरला तरी पुरत नव्हता. रेघा जुळायला हव्यात तर त्याच ताग्यातलं कापड हवं, आणि समोरचे दोन्ही भाग नव्याने कापायला हवेत, हे त्यांनी बाईंना नाही, टेबलाला सांगितलं.

"कापडवाल्याकडे ताग्यात शिल्लक असेल का?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी तुकड्याची एक पट्टी कापली. नमुना म्हणून. ती खिशात टाकली.

"मास्तर, परत येताय ना? की शटर ओढू?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या, शटरखालून वाकले आणि बाहेर पडले. गळ्यातली टेप काढायची तशीच राहिली होती.