चालत जाण्याइतकं जवळचं हॉटेल

टूरच्या ऑफिसात अकरा वर्षं काढलेल्या बाईकडं मजेमजेचे किस्से असतील असं लोकांना वाटतं. पण ज्यांची ट्रिप छान झाली ते पेढे देऊन गेले, आणि मला आता त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत! ज्यांचं काही बिनसलं ते परत आले, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि बोलले. त्यामुळं माझ्याकडं साठलेत ते सगळे असले. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "मालन, तो बँकॉकचा सांग की!" आणि एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा निघतो.

मंचरला एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक विलासभाऊ. आधी ते भीमाशंकरला जीपा सोडायचे. नव्वदच्या दशकात द्राक्षं आणि टोमॅटोमुळं जुन्नर-आंबेगावात लोकांचा हात जरा सैल झाला, तशी त्यांनी परदेशाची ट्रिप सुरू केली. ग्रुप घेऊन सुभाष जायचा. हॉटेल शोधायचं काम माझं. आणि मी स्वतः पुण्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते!

माझ्याकडं एक फॅक्स मशीन, एक डिक्शनरी आणि विलासभाऊंचा एकच हुकूम. "स्वस्त पायजे आन मध्यात पायजे. आपल्या लोकांला तिथल्या बस कळत न्हाईत. चालत जाता आलं पायजे."

*

पहिलाच ग्रुप बँकॉकचा. राजुरीचे चौदा बागायतदार.

मी शोधलेलं हॉटेल नदीपासून जवळ, बाजार खाली, मोठं देऊळ भिंतीला लागून. इतकं स्वस्त की विलासभाऊंनाच शंका आली. "मालन, परत फॅक्स कर. एखादा शून्य ऱ्हायला आसंल."

शून्य राहिला नव्हता. कारण पहिल्या दिवशी दुपारी कळलं. सुभाषचा फोन आला. "ताई, खिडकीतनं धुराडं दिसतंय."

"कारखाना असेल रे."

"कारखाना न्हाई. देवळात मयत जाळत्यात हितं. सकाळधरनं तिसरं आलंय!"

तिकडं देवळाच्या आवारातच दहन करतात, हे मला कोण सांगणार? ग्रुप बिथरला. आत्ताच्या आत्ता खोल्या बदला म्हणून सुभाषच्या मागं लागला. सीझन होता, दुसरीकडं कुठंच जागा नव्हती. ग्रुपमधले सगळ्यांत थोरले बाबूनाना, सत्तरीचे. ते खिडकीत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या रं. जागा लई मोक्याची हाये. हितं मेलो तर पोराला गाडीसुदिक करावी लागायची न्हाई!"

चौदाच्या चौदा हसले आणि तिथंच राहिले. पंगतीत मी इथंच थांबते. नाना त्या वर्षी दिवाळी यायच्या आत गेले, हे सांगत नाही.

*

सिंगापूरला अगदी मध्यात, स्टेशनला लागून एक हॉटेल मिळालं. चकाचक! फोटोत गुळगुळीत फरशी, पांढऱ्या चादरी. मी खूश, विलासभाऊ खूश.

त्या ग्रुपात नारायणगावकडचे तुकारामभाऊ होते. पन्नाशीचे, धिप्पाड, कमी बोलणारे. खोलीत गेले, दार लावलं, आणि मिनिटाभरात बाहेर आले ते घामानं निथळत. बायको विचारतेय काय झालं, तर ते थेट जिन्यानं खाली. त्यांनी परत खोलीत पाऊल टाकलं नाही. चार दिवस खालच्या काउंटरसमोरच्या सोफ्यावर काढले. आंघोळीलासुद्धा सुभाषनं कुठल्यातरी पोहण्याच्या तलावावर नेलं. हॉटेलवाल्यांना वाटलं, नवराबायकोचं भांडण झालंय. मॅनेजरनं बायकोला गुपचूप चॉकलेटचा बॉक्स आणून दिला!

खोलीला खिडकी नव्हती. तिकडं स्वस्तातल्या खोल्या अशाच असतात. फोटोत दिवा इतका छान लावलेला की मला कळलंच नाही.

परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेले, माफी मागायला. तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं. ऐन विशीत तुकारामभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ विहिरीचं काम करत होते. दरड कोसळली. दोघं आत. बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि काढलं तेव्हा एकच जिवंत होता. तोवर ते भावाशी बोलत होते, म्हणे. भाऊ कधीचाच गेला होता.

मला रडू आवरेना. तुकारामभाऊ ओट्यावर बसून ऐकत होते. तेच मला म्हणाले, "जाऊ दे ताई. तू खिडकीचं इचारलं न्हाई, आन मी इहिरीचं सांगितलं न्हाई."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फॅक्सची पहिली ओळ एकच: खोलीला खिडकी आहे का?

*

लंडनचा पहिला ग्रुप तर फुटपाथवरच उतरला! हॉटेल होतं, पण आठवड्यापूर्वी बंद पडलं होतं. आमचं कन्फर्मेशन घेऊन सुभाष कुलूपबंद दारासमोर उभा. बारा माणसं बॅगांवर बसलेली, पाऊस चालू. सुभाष फोनसाठी पळाला. तेवढ्यात अवसरीच्या शेवंताआत्यांनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला आणि तिथंच पंगत बसवली. गस्तीवरचा पोलीस आला, काहीतरी विचारायला लागला. आत्या म्हणाल्या, "ह्याला बी द्या रं एक. भिजून गेलाय बिचारा."

त्यानं खाल्ली! ठेच्यासकट! मग डोळे पुसत पुसत त्यानंच पलीकडच्या गल्लीतलं एक हॉटेल दाखवलं. मी महिनाभर शोधून सापडलं नव्हतं इतकं चांगलं.

हा एकच किस्सा माझ्याकडं असा आहे. सांगून घेते, कारण पुढचे तसे नाहीत.

*

साळवे गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात ऑफिसात आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बायकोला बँकॉकचे बुद्धविहार दाखवायचे होते. "हिचे गुडघे गेलेत, त्यामुळं विहारापासून चालत जाण्याइतकं जवळ हॉटेल बघा," म्हणाले.

मी बघितलं. फॅक्स पाठवला, उत्तर आलं, त्यांना बोलावलं. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "बाई, आमचं आडनाव कळवलंय ना त्यांना?"

"कळवावंच लागतं, गुरुजी. पासपोर्टवर असतं तसंच."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आणि तरी खोली दिली?"

मला आधी समजलंच नाही. मी हसून म्हणाले, "त्यांना काय करायचंय आडनावाशी!"

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "पहिली नेमणूक झाली तेव्हा मी त्या गावात सतरा घरं फिरलो होतो. खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की भाऊ राहायला येणार असायचा. प्रत्येकाचा भाऊ! दीड वर्ष मी शाळेच्या वऱ्हांड्यात राहिलो. ज्यांच्या पोरांना शिकवत होतो त्यांच्याच घरांसमोर."

मग त्यांनी तो फॅक्स नीट चौपदरी घडी करून खिशात ठेवला. मी म्हणाले, गुरुजी, फॅक्सची अक्षरं उडून जातात, झेरॉक्स काढून देते. ते म्हणाले, "दोन काढा."

*

कुसुमताई आणि रामभाऊ, घोडेगावचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पोरांनी सिंगापूरला पाठवलेले. ग्रुप नको, दोघंच जातो म्हणाले. रामभाऊंना तेवढी हौस! हॉटेलचा नकाशा माझ्याकडून समजून घेऊन पाठ केला. कुठल्या गल्लीत वळायचं, कुठं समुद्र, कुठं बाजार.

तिसऱ्या दिवशी नाष्ट्याच्या टेबलावर रामभाऊंनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. संपलं.

कुसुमताईंना इंग्लिश येत नाही. हिंदी टीव्हीवर ऐकलेली तेवढी. इकडून थोरल्या मुलाला निघायचं तर पासपोर्ट नव्हता. विलासभाऊ दोन दिवस घरी गेले नाहीत, फोनवर फोन. तिकडं ती बाई एकटी. पोलीस, दवाखाना, वकिलातीचं ऑफिस, शिक्के, सह्या, परत पोलीस. सहा दिवस. सातव्या दिवशी त्या विमानात वर बसून आल्या आणि रामभाऊ खाली पेटीत.

तेराव्यानंतर त्या ऑफिसात आल्या. जिना चढताना दिसल्या तशी मी उभीच राहिले. मनात म्हटलं, आता काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्या खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि माझा हात धरून म्हणाल्या, "हाटेल लई चांगलं निवडलं व्हतंस बाई. पोलीस ठेसन, दवाखाना, समदं जवळ. मला सगळीकडं चालत जाता आलं."

*

शेवटचा मी पंगतीत सांगत नाही. कळंबच्या अप्पांचा.

अप्पांची मुलगी रेखा माझ्याबरोबर कॉलेजला होती. तिनं पुण्यात बरोबर शिकणाऱ्या, जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं लंडनला गेली. अप्पांनी घोड नदीच्या घाटावर तिचा दहावा घातला. जिवंत पोरीचा! डोकं भादरून घेतलं. मी माझ्या वडिलांबरोबर तिथं उभी होते. काकू, रेखाची आई, एका दगडावर बसलेल्या, डोळ्यांत टिपूस नाही. पिंडाला कावळा शिवणार नाही असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. लगेच शिवला.

नऊ वर्षांनी अप्पा ऑफिसात आले. एकटेच.

"लंडनला जायाचंय. दोघांला."

मी वही उघडली. "काय काय बघायचंय, अप्पा?"

त्यांनी बंडीच्या खिशातून पाकिटाचा फाडलेला कोपरा काढला. पाठवणाऱ्याचा पत्ता, इंग्लिशमध्ये. अक्षर मी ओळखलं. वर्गात माझ्या शेजारी बसून नोट्स लिहिणारं अक्षर.

"ह्याच्या जवळ बघ."

"किती जवळ?"

"व्हईल तेवढं."

तो राहत्या घरांचा रस्ता होता, हॉटेलं नव्हतीच. तीन आठवडे मी फॅक्स करत राहिले. शेवटी त्याच रस्त्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याचं घरगुती हॉटेल सापडलं. चार खोल्या. घरांच्या नंबरांवरून हिशेब केला तर अगदी समोरासमोर. पहिल्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली मी मागून घेतली.

त्यांना सुभाषच्या लंडनच्या ग्रुपबरोबरच पाठवलं. ट्रिप झाल्यावर सुभाषनं सांगितलं, "ताई, सात दिवस ती दोघं हाटेलातनं भाईर पडली न्हाईत. राजवाडा न्हाई, नदी न्हाई, काय न्हाई. मी सकाळ-दुपार बोलवाया जायचो तर खिडकीला दोन खुर्च्या लावून बसल्याली."

"समोर काय होतं?"

"काय न्हाई वो. एक घर. एक बाई सकाळी पोरीला शाळंत सोडाया जाती, दुपारी घिऊन येती. दारापाशी जरा थांबती. तेवढंच."

महिन्याभरानं अप्पा परत आले. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"पुढल्या साली त्योच आठवडा. तीच खोली मिळंल का?"

मला राहवलं नाही. "अप्पा, भेटून तरी यायचं होतं."

"कुणाला?" अप्पा म्हणाले.

मी फॅक्स पाठवला. आपल्याकडं दुपार, तिकडं सकाळ. अप्पा म्हणाले, थांबतो उत्तर येईस्तोवर. मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही. तासाभरानं मशीन घरघरलं आणि कागद हळूहळू बाहेर यायला लागला.

हॉटेलच्या म्हातारीनं हातानं लिहिलं होतं. त्या आठवड्यासाठी ती खोली आधीच तुमच्या पाहुण्यांच्या नावानं राखून ठेवली आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. ते गेले त्याच दिवशी समोरच्या घरातल्या बाई येऊन सांगून गेल्या. त्यांनी खिडकीत एक तिसरी खुर्चीही आणून ठेवली आहे, लहान मुलांची. ती राहू द्यायची का, एवढं कळवावं.

अप्पांना इंग्लिश वाचता येत नव्हतं.

"काय म्हनत्यात?" त्यांनी विचारलं.

"खोली आहे म्हणतात," मी म्हणाले.