न धुतलेली राख

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझा विषय उत्प्रेरक — स्वतः न संपता दुसऱ्यांची क्रिया वेगानं घडवून आणणारे पदार्थ. नगरला पीएचडी करताना केळीच्या सालींची राख उत्प्रेरक म्हणून वापरून खाद्यतेलापासून डिझेल करू बघत होतो. राख शुद्ध हवी ना? म्हणून पाणी अगदी नितळ येईपर्यंत ती धुवायचो. दीड वर्ष गेलं — तेल तेलच राहिलं.

प्रयोगशाळेत भांडी धुवायला सखूमावशी होत्या, कोल्हारच्या. माझा डबा आला नाही की त्यांची अर्धी भाकरी माझी. एकदा माझे तेलकट चंबू घासता घासता म्हणाल्या, "सर, राख कशापायी धुता? धुतल्या राखंनं तेलाचं भांडं निघतं व्हय? तिचा समदा जोर पान्यात जातो की."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी न धुता घातली — आणि दुपारपर्यंत वर डिझेल, खाली ग्लिसरीन, दोन स्वच्छ थर. माझी आईही राखेनंच भांडी घासायची. मला कसं आठवलं नव्हतं?

पुढं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं — राख न धुण्याचं सुचलं कसं? मावशी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. भांडी घासणाऱ्या बाईचं नाव घ्यायची — हो, लाजच वाटली मला. मी म्हणालो, "वाचनातून, सर." मावशींनी माझ्यापुढं कप ठेवला आणि कौतुकानं हसल्या. प्रबंधात आभाराच्या पानावर मी टायपिंगवाल्याचंही नाव घातलं. त्यांचं नाही.

त्या प्रबंधावर मला नोकरी लागली.

गेल्या जूनमध्ये मावशी आमच्या विभागात आल्या — नातीला प्रवेश घ्यायला. आता थकल्यात. तिला म्हणाल्या, "पाया पड गं. राखंचा शोध यांनीच लावला. लई वाचन हाय सरांचं!"

पोरगी वाकली. मी तिला थांबवलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला — आणि "खूप शीक" म्हणालो.